बर्फाच्या मैदानासाठी एक सत्कार

माझी नात हॉकी खेळायची. बर्फावरची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुण्याहून फोन करणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला अजून वाटतं की पोरगी गवतावर खेळते, आणि मग तिला बारमाही सर्दी कशी, असं ती मलाच विचारते. आणि या लेखात जिथे जिथे फुटबॉल येईल तिथे तो पायानं खेळायचा समजू नका. लांबुळका चेंडू काखेत मारून एकमेकांच्या अंगावर कोसळायचा तो हा अमेरिकेतला फुटबॉल. या दोन खेळांमध्ये मी कशी सापडले, ते सांगायचंय.

नात वाढली अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मॉरिसव्हिलला. तिथे हिवाळ्यात डबक्यातलं पाणीसुद्धा नीट गोठत नाही, आणि या मुलीला नेमका बर्फाचाच खेळ सापडला. तोही गोलकीपरचा, म्हणजे लोकांनी आपल्या अंगावर दगडासारखी चकती मारायची आणि आपण ती आनंदानं झेलायची. माझी लेक आणि जावई दोघंही कॉम्प्युटरवाले. जावई सुरुवातीला म्हणाले, "आई, टेनिस घेतलं असतं तर निदान उन्हात तरी बसलो असतो." पण त्यांनीच पहाटेच्या सरावाला वर्षानुवर्षं गाडी चालवली. शाळा संपताना तीन कॉलेजांनी तिला बोलावलं. तिनं त्यातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात थंड निवडलं. शिकागोपासून तीन तासांवरचं हे आमचं गाव. का, तर इथे आजी आहे. हे वाक्य मी शिकागोच्या देशी बाजारात, डेव्हन ॲव्हेन्यूच्या किराणा दुकानात, साडीच्या दुकानात आणि पार्किंगचं तिकीट फाडणाऱ्या पोलिसालासुद्धा सांगितलं होतं.

आमचे हे गेल्यापासून घर नुसतं उभं होतं. ती आली आणि गॅरेजमध्ये तिची हॉकीची बॅग आली. त्या बॅगेचा वास काय वर्णावा! भिजलेलं कांबळं, आंबलेलं ताक आणि शाळेची जुनी लाकडी बाकं एकत्र उकळली तर जवळपास जाईल. पहिल्या आठवड्यात मी तिच्यात कापराच्या वड्या टाकल्या. पुढच्या सामन्यात तिच्या संघातल्या मुली म्हणे विचारत होत्या, इथे चर्चसारखा वास कुठून येतोय?

आता माझं या कॉलेजशी नातं. मी त्याच क्रीडा विभागाच्या हिशेबाच्या ऑफिसात वीसेक वर्षं काढली. एम.कॉम. झालेली, नवऱ्यामागून विमानात बसून आलेली, इंग्रजी बोलताना आधी मनात मराठीत घोकणारी. तिथे खुर्ची मिळाली आणि मला वाटलं, कॉलेजची तिजोरी आपल्याच पदराला बांधलीय. हॉकीचे कोच बिचारे स्केटला धार लावायचं मशीन मागायला यायचे. मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्यांना व्याख्यान द्यायची, "फुटबॉल कमावतो, म्हणून तुम्ही सगळे जेवता." असं बोलायची, जणू शनिवारी मैदानात चेंडू घेऊन मीच पळणार आहे. ते "हो मॅम" म्हणून परत जायचे. माझ्या तेव्हाच्या रुबाबाचा एक फोटो आहे घरात. खांद्याला पॅड लावलेलं जॅकेट, कपाळावर टिकली आणि चेहरा असा, की रिझर्व्ह बँकेनंही परवानगी मागावी.

आणि तो कमावता फुटबॉल काय करायचा? घरच्या मैदानावर सामना असला तरी आदल्या दिवशी अख्खा संघ हॉटेलात राहायला जायचा. स्वतःच्या खोल्यांपासून दहा मिनिटांवरच्या हॉटेलात. पोरांना शांत झोप लागावी म्हणून. त्या खोल्या मी बुक करायची. डोळ्याची पापणी न हलवता. आणि संध्याकाळी घरी येऊन प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायची. दर हंगामाच्या सुरुवातीला एक सामना असायचा, एखाद्या बलाढ्य विद्यापीठाच्या मैदानात. तिथे जाऊन हरायचं आणि हरण्याचे पैसे घेऊन यायचं. ते पैसे आधीच ठरलेले. त्यांना घरच्या प्रेक्षकांसमोर सोपा विजय हवा असायचा आणि आम्हाला वर्षाचा खर्च. आमची पोरं कोणी खांद्याला, कोणी गुडघ्याला बर्फ बांधून बसमधून उतरायची, आणि मी ऑफिसात म्हणायची, "चला, चेक आला." त्यातून पोहणाऱ्यांचं पाणी तापायचं आणि हॉकीचा बर्फ गोठायचा. उरलेलं कुठून यायचं ते कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. ते विद्यार्थ्यांच्या फीमधून यायचं, प्रत्येकाच्या, ज्यानं आयुष्यात एक सामना पाहिला नाही त्याच्याही. म्हणजे रसायनशास्त्राची पोरं फुटबॉल पोसत होती, आणि मी हॉकीच्या कोचना उपकाराची जाणीव करून देत होते. कसली शहाणी बाई!

असो. त्या शहाणीची नात त्याच बर्फावर उभी राहिली तेव्हा मी रिटायर झाले होते, आणि दर सामन्याला काचेमागे शाल पांघरून बसत होते. दोन वर्षं ती खेळली. तिला अजून दोन खेळायची होती.

मार्चमध्ये, हंगाम संपल्यावर, हॉकीच्या मुलींना मीटिंगला बोलावलं. मीटिंग फुटबॉलच्या इमारतीत. कारण त्यांच्या स्वतःच्या जुन्या बर्फाच्या रिंकमध्ये सगळ्यांना एकदम बसायला खोली नव्हती. मी थालीपीठ लावत होते. मीटिंगहून आल्यावर नातीनं बॅग गॅरेजमध्ये ठेवली नाही, तशीच स्वयंपाकघरात घेऊन आली आणि टेबलाला टेकून उभी राहिली.

"आजी, दे कट अस."

"कोणाला?"

"सगळ्यांना. टीमच नाही आता."

मी तव्यावरचं थालीपीठ उलटलं. 

कारणं तिला सांगितली होती ती तिनं मला सांगितली. बर्फ गोठवणारी यंत्रणा म्हातारी झालीय. नवी घ्यायला पैसा नाही. शिवाय आता नवे नियम आलेत, मोठ्या खेळांतल्या खेळाडूंना कॉलेजनं थेट पैसे द्यायचे, त्यामुळे सगळीकडे ओढाताण. मुलांची हॉकी आधीच केव्हाची बंद झाली होती. मुलींचा एक खेळ बंद केला तर इथल्या कायद्यानं मुलींना दुसरा द्यावा लागतो, तर त्या जागी वल्हवणं सुरू करणार. बोटी टिकतात आणि तळं फुकट. आणि त्याच आठवड्यात फुटबॉलच्या नव्या इमारतीची चित्रं कॉलेजनं सगळ्यांना पाठवली. छताखाली अख्खं मैदान. प्रत्येक खेळाडूच्या कपाटात फोन चार्ज करायची सोय. केस कापायला वेगळी खोली.

"देअर इज अ बार्बरशॉप, आजी. आम्हाला बर्फ नाही आणि त्यांना बार्बरशॉप."

मी म्हटलं, "बांधायचा पैसा वेगळा असतो आणि चालवायचा वेगळा. कोणी श्रीमंत माणूस इमारतीला पैसे देतो, त्याचं नाव भिंतीवर लागतं. ते पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत. विजेच्या बिलावर कोणी आपलं नाव कोरून घेत नाही ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू त्यांच्या साइडनं बोलतेस?"

"मी हिशेब सांगतेय गं."

"सेम थिंग," ती म्हणाली आणि वर गेली. थालीपीठ मी एकटीनं खाल्लं. करपलेलं होतं.

पण एक फट उरली होती. शेवटचा निर्णय कॉलेजच्या विश्वस्त मंडळाचा, आणि ते बसणार मे महिन्यात. मंडळ काय ठरवणार, तर क्रीडा विभागाचे डायरेक्टर जे सांगतील ते. म्हणजे त्या एका माणसाचं मन वळलं पाहिजे. संघातल्या मुलींनी सह्या गोळा करायला सुरुवात केली, जुन्या खेळाडूंना फोन लावले. मी वीस वर्षं तसल्या अर्जांचं काय होतं ते जवळून पाहिलेली. ते खालच्या खणात जातात. मला वाटलं, इथे आपलं काहीतरी पाहिजे.

माझे वडील तालुक्याच्या शाळेत हेडमास्तर होते. शाळेला दोन खोल्या हव्या होत्या, आणि सभापती दाद देईनात. वडिलांनी भांडण केलं नाही, मोर्चा नेला नाही. त्यांनी सभापतींचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार, मुलींचं स्वागतगीत. आणि शाल खांद्यावर असतानाच आभारांच्या भाषणात हात जोडून खोल्यांचं सांगितलं. अंगावर गावाची शाल, समोर गावाचीच तोंडं. माणूस नाही कसं म्हणणार? पुढच्या उन्हाळ्यात खोल्या उभ्या राहिल्या. मी त्या स्वागतगीतात पहिल्या रांगेत होते, दोन वेण्या वर बांधून, आणि वडील म्हणजे चाणक्य अशी तेव्हापासून माझी ठाम समजूत.

मी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष म्हणजे नागपूरचा तिशीतला मुलगा, व्हिसा अजून कंपनीच्या हातात, त्यामुळे जगात सगळ्यांशी गोड बोलणारा.

"काकू, सत्कार कशाबद्दल करायचा पण? त्यांनी तर टीम बंद केली ना!"

"क्रीडाक्षेत्रातल्या योगदानाबद्दल. ते कोणालाही लागू पडतं."

"आणि हॉकीचं केव्हा काढायचं?"

"शाल घातल्यावर. प्रास्ताविकात नाही, आभारात. आभार मी मानते."

"काकू, तुम्ही डेंजर आहात यार," तो म्हणाला. "पाडव्याच्या कार्यक्रमातच उरकून टाकू. पण पगडी एकच आहे आपल्याकडे, ती फोटो झाला की परत घ्यावी लागेल. गणपतीत लागते."

नातीला पटवायला वेळ लागला. "ज्यानं आम्हाला कट केलं त्याला तू शॉल देणार?"

"ती नुसती शाल नसते. त्या शालीत काम गुंडाळलेलं असतं."

"आणि तू नक्की सांगणार आमचं?"

"त्याच्यासाठीच तर एवढा खटाटोप."

मग ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि काय काय सांगायचं ते मला शिकवू लागली. सांग, की आम्हाला हॉटेल नको, त्याच दिवशी जाऊन परत येऊ. सांग, की बस नको, आम्ही आमच्या गाड्या नेऊ. सांग, की जुनेच कपडे चालतील. फक्त बर्फ ठेवा. शेवटचं वाक्य तिनं मराठीत म्हटलं, माझ्याकडून घोकून घेऊन, जणू डायरेक्टरांना मराठीच कळतं.

पाडव्याचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये होता. कोपऱ्यात गुढी, तिच्याशेजारी दूध-बिस्किटांचं मशीन. मी पैठणी नेसले होते. डायरेक्टर वेळेवर आले, उंच, गोरे, हसरे, कॉलेजच्या रंगाचा टाय लावलेले, बरोबर फोटो काढणारी एक मुलगी. नात आली नव्हती. तिच्यानं तिथे बसवलं नसतं, ती म्हणाली. घरी फोन हातात धरून थांबली होती.

मी शाल घातली. ते वाकले आणि खरोखर गहिवरले. पगडी त्यांच्या डोक्याला लहान, ती पातेल्यावर लहान झाकण ठेवावं तशी बसली. मग अध्यक्षांनी त्यांच्या हाती नारळ दिला. आता साहेबांना नारळाचं काय करायचं ते कोण सांगणार? त्यांनी तो काखेत मारला, फुटबॉलसारखा, अंग वाकवलं आणि स्टेजवर चार पावलं पळून दाखवलं. हॉल नुसता फुटला. पोरं बाकांवर चढली. मी, पैठणी सावरत, पोट धरून हसत होते. फोटोवाली मुलगी टिपत होती.

मग ते बोलले. म्हणाले, इतका मान मला कोणी दिला नाही. म्हणाले, आम्हाला काही कठीण निर्णय घ्यावे लागतायत, अशा वेळी एक समाज आमच्या पाठीशी असा उभा राहतो, हे मी विसरणार नाही. आणि माझ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणा काय म्हणाला ते ऐकून आपण कुठे टाळ्या वाजवतो? तो थांबला की वाजवतो.

मी माइककडे निघाले तेव्हा ते घड्याळाकडे बघत उठले. बाहेरगावच्या एका खेळाडूचं कुटुंब कॉलेज बघायला येणार होतं, त्यांना घ्यायला जायचं होतं. फुटबॉलचा खेळाडू, हे सांगायला नकोच. आमच्या बायकांनी तेवढ्यात त्यांच्या हातात श्रीखंड-पुरीचा डबा दिला. मी माइक सोडून मागे पळाले आणि त्यांना दारात गाठलं. जे शिकवलं होतं ते सगळं एका दमात म्हटलं. हॉटेल नको, बस नको, कपडे नकोत, फक्त बर्फ ठेवा. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"मॅम," ते म्हणाले, "तुम्ही इथे काम केलंय, तुम्हाला आकडे कळतात. तुमच्यासारखी माणसं समजून घेतात, म्हणून बळ येतं."

आणि गेले. त्यांच्यामागे आमचे अध्यक्ष "सर, सर, द हॅट" करत पार्किंगपर्यंत धावले. पगडी परत आली. मी माइकसमोर जाऊन आभार मानले. पाहुण्यांची खुर्ची रिकामी होती, तिचेच मानले म्हणा.

घरी आले तर नात जिन्यातच बसलेली.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाले, बळ येतं."

तिला ते चांगलं वाटलं. मलाही वाटायला लागलं होतं, गाडीतून येता येता. आम्ही दोघींनी उरलेलं श्रीखंड पातेल्यातूनच खाल्लं आणि तिनं मला गोलकीपरचे गुडघे आतल्या बाजूनं का दुखतात ते समजावून सांगितलं. ती संध्याकाळ छान गेली. तीच शेवटची तशी.

तीनचार दिवसांनी फोटो आला. कॉलेजच्या वेबसाइटवर, आणि नव्या इमारतीसाठी पैसे मागायला देणगीदारांना जे गुळगुळीत पत्रक जातं, त्याच्या दुसऱ्या पानावर. पगडी घातलेले डायरेक्टर नारळ घेऊन पळतायत. मागे मी, तोंड उघडं, सगळे दात दाखवून हसतेय. खाली लिहिलेलं, सगळा समाज फुटबॉलच्या भविष्यामागे उभा आहे.

नात ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन टेबलावर ठेवला, माझ्या ताटाशेजारी.

"तू हसतेयस, आजी."

"फोटोत हसतातच गं. तो माणूस नारळ घेऊन पळत होता..."

"आमच्या ग्रुपवर आलाय. सगळ्यांनी विचारलं, इज दॅट युवर ग्रँडमा?"

"मग तू सांग ना त्यांना. आपल्याकडे आधी मान द्यायचा आणि मग काम सांगायचं, अशी पद्धत असते म्हणावं."

"सांगितलं." तिनं फोन पालथा केला. "त्यांना वाटतं, मला आधी माहीत होतं. अँड आय डिड, आजी. मला माहीत होतं. मीच तुला शिकवलं काय बोलायचं ते."

दुसऱ्या दिवशी मी रिंकच्या पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले आणि संघाच्या कप्तानाला गाठलं. सोनेरी केसांची, माझ्यापेक्षा हातभर उंच, फार गुणी पोर. तिला मी वडिलांची, सभापतींची आणि शाळेच्या दोन खोल्यांची सगळी गोष्ट सांगितली. आमच्याकडे माणसाला शाल घातली की त्याला भीड पडते आणि तो काम करतो, असं माझ्या इंग्रजीत समजावलं. तिनं एकदाही मध्ये न बोलता ऐकलं.

"अँड डिड ही?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"ओके," ती म्हणाली. आणि मला गाडीपर्यंत हात धरून नेलं, कारण जमिनीवर बर्फ होता आणि मी म्हातारी होते. त्यापेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर मी ताठ मानेनं परत आले असते.

सह्यांच्या मोहिमेत मुलींनी नातीला पुढे बोलावलं नाही. तिला कोणी काढलं नाही, नुसतं सांगायचं राहून जायचं. मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तू कशाला मध्ये पडलीस गं?" आणि पाठोपाठ, "जेवलीस का?" हे दोन प्रश्न आमच्या घरात नेहमी एकापाठोपाठच येतात.

मे महिन्यात विश्वस्त बसले आणि उठले. हॉकी बंद. डायरेक्टरांनी मला आभाराचं कार्ड पाठवलं, श्रीखंड उत्तम होतं म्हणून.

मग तिनं दुसरी कॉलेजं शोधायला घेतली. खेळाडूंना कॉलेज बदलता येतं, आजकाल सर्रास बदलतात. पण गोलकीपरची जागा प्रत्येक संघात एकच, आणि रांगेत दोघी-तिघी आधीच उभ्या. ती कोचना आपल्या खेळाचे व्हिडिओ पाठवायची. मी चहा घेऊन वर जायची आणि दारातून बघायची. पडद्यावर ती गुडघ्यांवर कोसळतेय, उठतेय, पुन्हा कोसळतेय.

आता खरं सांगते. ती जावी असं मला वाटत नव्हतं. देवापुढे रोज सकाळी "तिचं भलं कर" म्हणायची आणि मनात दुसरंच असायचं. ती गेली की घर पुन्हा नुसतं उभं राहणार, हेच डोळ्यांसमोर. पूर्वेकडच्या एका कॉलेजच्या कोचचा फोन आला, तेव्हा तिच्या आवाजात किती दिवसांनी जीव आला होता. मी खाली भांडी घासत होते. नळ मोठा सोडला, ऐकू येऊ नये म्हणून. आठवडाभर ते लोक हो-नाही करत होते. मग त्यांनी दुसरी मुलगी घेतली. त्यानंतर कोणाचाच फोन आला नाही.

म्हणजे मला हवं होतं तेच झालं. नात घरी राहिली.

आता ती वेळेवर येते. पूर्वी सरावाहून यायची ती भुकेनं वेडी होऊन, उभ्यानं, पातेल्यातच चमचा घालून खायची आणि तोंडात घास असतानाच कोणी कुठून मारलं, तिनं कसं अडवलं ते सांगायची. निम्मं मला कळायचं नाही. मी "खाली बस, माणसासारखी खा" म्हणून ओरडायची. आता ती ताट वाढून घेते. खाली बसते. "आजी, तुला हेल्प करू?" विचारते आणि कांदा इतका बारीक चिरते की माझ्या सासूबाईंनीही नाव ठेवलं नसतं. वल्हवणाऱ्यांच्या कोचनं तिला बोलावलं होतं, खांदे मजबूत आहेत म्हणून. ती एकदा जाऊन आली. म्हणाली, "तिथे सगळ्या एकाच दिशेला बघतात. कोणी समोरून येतच नाही." पुन्हा गेली नाही. इतकी शहाणी मुलगी मला नको होती हो.

ऑगस्टमध्ये कॉलेजनं हॉकीचं सामान विकायला काढलं. हा इथला रिवाज आहे. नको असलेली टेबलं, खुर्च्या, मशीनं, सगळं वर्षातून एकदा स्टेडियममागच्या पार्किंगमध्ये मांडतात आणि कोणीही येऊन घेऊन जावं. ती म्हणाली, मी येणार नाही. मग सकाळी उठून बूट घालून गाडीत जाऊन बसली.

शेजारी नव्या इमारतीचं काम चालू होतं. क्रेनच्या सावलीत टेबलं लावली होती. स्टिकांचा ढीग, हेल्मेटं, लाकडी बाकं, स्केटला धार लावायचं मशीन. आणि एका निळ्या ताडपत्रीवर गोलकीपरचे पायाचे पॅड. तिचे. दोन वर्षांचे काळे ओरखडे त्यांच्यावर. ते कॉलेजच्या मालकीचे आहेत, हे मला ठाऊक होतं. मीच एके काळी असल्या पॅडांची बिलं भरलेली. तिलाही ठाऊक असणार, पण तिचा चेहरा बघून तसं वाटलं नाही.

मी पर्स उघडली.

"नको, आजी. काय करू घेऊन?"

तेवढ्यात एक माणूस आपल्या मुलीला घेऊन तिथे आला. शाळेतली मुलगी, उंच, किडकिडीत, दातांना तारा. ती ताडपत्रीवर बसून पॅड बांधून बघायला लागली. वडील पट्टे ओढत होते. नात जरा लांब उभी राहून बघत होती. मग न राहवून पुढे झाली.

"ते उलटे घातलेत," ती म्हणाली. "डावा उजव्याला."

आणि ती तिथेच डांबरावर गुडघे टेकून बसली. पॅड सोडले, बदलले, पुन्हा बांधले. तिची बोटं न बघता चालत होती, मी वेणी घालते तशी. "खालचा पट्टा सैल ठेव," तिनं त्या मुलीला सांगितलं. "घट्ट केलास तर खाली बसताना पॅड फिरत नाही." मुलगी उभी राहिली आणि उत्साहानं तिथेच गुडघ्यांवर पडून बघणार, एवढ्यात नात ओरडली, "इथे नको! खरवडतील ते." आणि मग उठून मागे सरकली.

"तू खेळतेस?" वडिलांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

मला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलता येतं. घरात सगळे त्यालाच कंटाळलेले आहेत. त्या दिवशी मी पर्समध्ये किल्ल्या शोधत राहिले, आणि किल्ल्या तिच्याकडे होत्या. ते बापलेक पॅड उचलून आपल्या गाडीत ठेवून गेले.

परतताना तीच ड्राइव्ह करत होती. दोन सिग्नल हिरवेच मिळाले. तिसऱ्यावर गाडी थांबली, तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "आजी, तिची उभी राहायची पद्धत चांगली होती."

मी हो म्हटलं. मला त्यातलं काय कळतंय.